टाकीतला ऊस

तुमच्या टू-व्हीलरच्या टाकीत आत्ता, या क्षणी, थोडा ऊस आहे. किंवा मका. किंवा गोदामात पडून राहिलेला तुकडा तांदूळ. मस्करी नाही. २०२५ पासून देशभरातल्या पंपांवर जे साधं पेट्रोल मिळतं, ते ई-२० आहे. पाच लिटर भरलंत तर त्यातलं एक लिटर पेट्रोल नसतंच, ते इथेनॉल असतं. म्हणजे अल्कोहोल. तेच, फ्रायडे नाइटवालं. फक्त पाणी काढून टाकलेलं आणि पिण्यालायक न ठेवलेलं.

तुमची गाडी एप्रिल २०२३ नंतरची असेल, तर टेन्शन नॉट. तेव्हापासून नव्या गाड्यांमधलं रबर-प्लास्टिक ई-२० सोसेल असं यायला लागलं आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनंही त्याच हिशेबाने ट्यून केलेली असणं अपेक्षित आहे. अशांनी हा लेख शेजारच्या काकांना वाचायला द्यावा. ज्यांच्याकडे कॉलेजच्या वेळची बाइक आहे, आईची बारा वर्षांची स्कूटी आहे, किंवा आमच्यासारखी एक म्हातारी टू-स्ट्रोक आहे, त्यांनी मात्र बसावं जरा.

आमची म्हातारी १९९८ ची. माझ्याहून अगदी थोडी लहान. पार्ले ईस्टला आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, आंब्याच्या झाडाखाली तिची जागा ठरलेली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी बाबा तिचं रजिस्ट्रेशन रिन्यू करून आणतात, पर्यावरण कर भरतात आणि घरी येऊन जणू कुणाचा पासपोर्ट रिन्यू झाल्यासारखा चहा पितात. स्कूटर फार लांब जात नाही. हनुमान रोड, मार्केट, दीनानाथला नाटक असलं तर तिथे, आणि आईचा गुडघा दुखायला लागल्यापासून रोज सकाळी आईला फिजिओथेरपीला. रिक्षावाले एवढ्या जवळ येत नाहीत, हे पार्लेकरांना सांगायला नको. म्हणजे ती स्कूटर शोपीस नाही. ती बंद पडली की आईचा व्यायाम बंद पडतो.

आणि बाबांची डायरी. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर. १९९८ पासून. दर वर्षी एलआयसीची नवी डायरी येते, पण पेट्रोलची ही एकच, मागची पानं जोडून जोडून जाड झालेली. तिच्यात सुरुवातीला लिटरला बेचाळीस, त्रेचाळीस असे आकडे आहेत. मग वर्षानुवर्षं एकोणचाळीस-चाळीस. गेल्या दोन वर्षांत सदतीस, छत्तीस. बाबांनी त्या ओळींखाली लाल पेनने रेघ मारलीय. रिटायर्ड माणसाचा लाल पेन, त्याच्याशी वाद नाही घालायचा.

तरी मी घातला. म्हटलं, सत्तावीस वर्षांचं इंजिन आहे, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मायलेज कमी होणारच. बाबा म्हणाले, झिजण्याचं वय सगळं एकदम येत नाही.

हिशेब केला तर दोघंही थोडे थोडे बरोबर निघतो. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे शंभरातले ऐंशी भाग पेट्रोलचे पूर्ण, आणि उरलेल्या वीस भागांचे तेरा-साडेतेरा. बेरीज त्र्याण्णवच्या आसपास. एक्सेल उघडायचीही गरज नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के मायलेज घटेल असा अंदाज दिला होता. चाळीसच्या गाडीला हे लिटरमागे दीड किलोमीटर. बाबांच्या लाल रेघेतला तेवढा भाग इथेनॉलचा, बाकीचा वयाचा.

पण मायलेज ही किरकोळ गोष्ट. खरी गंमत गेल्या पावसाळ्यात झाली.

आई दीड महिना मावशीकडे नागपूरला होती. पाऊस मुसळधार, त्यामुळे स्कूटर जागची हलली नाही. आई परत आली त्या आठवड्यात बाबांनी किक मारली. एकदा, दहादा, वीसदा. चोक ओढून, चोक सोडून. वॉचमननेही मारून बघितली. शेवटी ढकलत स्टेशनजवळच्या गॅरेजमध्ये नेली, मी मागून छत्री धरून.

गॅरेजवाल्या दादाने कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सैल केला आणि जे पडलं ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं. टाकीच्या तळातलंही थोडं त्यात काढलं. दोन मिनिटं बाटली कट्ट्यावर ठेवली. वर हिरवट-निळसर थर, खाली फिकट, पाण्यासारखा. मधोमध एकदम सरळ रेघ.

'ताई, हे पेट्रोल नाय,' तो म्हणाला, 'सरबत आहे.'

त्याचा फंडा असा. पेट्रोल आणि पाणी एकत्र होत नाहीत, हे शाळेत शिकलो. पण इथेनॉलचं दोघांशीही जमतं. त्यामुळे टाकीत थोडं पाणी गेलं तर इथेनॉल ते धरून ठेवतं, पेट्रोलमध्येच विरघळवून. हे एका मर्यादेपर्यंत चालतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याचा हात धरून पेट्रोलला सोडून देतं आणि दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात. कार्बोरेटरला पेट्रोल जातं तळातूनच. म्हणजे इंजिनला पहिला घोट मिळतो तो या मिश्रणाचा. टू-स्ट्रोकमध्ये आणखी वाईट, कारण तिथे इंजिनचं वंगण म्हणजे पेट्रोलात मिसळलेलं ऑइल. ते ऑइल वरच्या थरात राहतं. खालचा थर कोरडा. समजा त्यावर इंजिन कसंबसं चालू झालंच, तर पिस्टन बिनतेलाचा घासणार. बाबांची किक लागली नाही हे नशीबच म्हणायचं.

आता न्याय करायचा तर एक गोष्ट सांगायला हवी. हवेतल्या दमटपणाने एवढं पाणी जमत नाही, निदान दीड महिन्यात नाही. उलट ई-२० ला ई-१० पेक्षा जास्त पाणी पचतं. पाणी आलं होतं टाकीच्या झाकणातून. झाकणाचं रबरी वॉशर आक्रसून चिरलं होतं आणि आंब्याखाली चाळीस दिवस पाऊस त्यावर ठिबकत होता. पण ते वॉशर चिरलं कशाने? जुन्या गाड्यांमधलं साधं नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मग सुकलं की कडक होतं. की सत्तावीस वर्षांनी कुठलंही रबर चिरतं? दादाने दोन्ही सांगितलं, आणि मला ते पटलं. सध्या बऱ्याच गॅरेजांमध्ये एक फॅशन आलीय, काहीही बिघडलं की ई-२० च्या नावावर बिल फाडायचं. हा माणूस तसा नव्हता. त्याने प्लग काढून दाखवला. प्लगचं टोक पांढरं पडलं होतं. काळं असतं तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं म्हणजे कमी. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरला, ज्याला ना सेन्सर ना कॉम्प्युटर, मिश्रण पातळ मिळतं. धूर कमी होतो, कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, हे चांगलंच. पण इंजिन तापतं. त्याने मेन जेट एक नंबर मोठा घातला, नळ्या बदलल्या, वॉशर बदललं. बिल अकराशे चाळीस.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं होतं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, आणि ते काम स्वस्तातलं, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होण्यासारखं आहे. ठीक आहे. अकराशे चाळीस ही रक्कम तुमच्या-माझ्यासाठी एका वीकेंडची आहे. स्टेशनबाहेर जुनी बाइक घेऊन पार्सलं पोहोचवणाऱ्या मुलाला विचारा, ती किती दिवसांची आहे.

रात्री बाबांनी सांगलीला फोन लावला. मोठ्या काकांना. फोन स्पीकरवर होता. आमच्याकडे महत्त्वाचे फोन स्पीकरवरच असतात.

इथे थोडं फॅमिली बॅकग्राउंड. बाबा मिरजेजवळच्या गावातले, दोघं भाऊ. काकांनी शेती धरली, बाबा शिकायला बाहेर पडले आणि नोकरीसाठी पार्ल्यात आले. बाबांच्या कॉलेजची फी उसाच्या बिलातून गेली. ही स्कूटर घेतली तेव्हा निम्मे पैसे काकांनीच पाठवले होते, तेही उसाचेच. सहकारी कारखान्याचे सभासद, चार एकर ऊस, त्या भागातलं अगदी नेहमीचं घर. आणि तो कारखाना आता इथेनॉल करतो.

'दादा, तुझ्या उसाने माझी गाडी बंद पाडली,' बाबा म्हणाले. हसत म्हणाले, पण अगदी हसत नाही.

काका काही क्षण गप्प. मग मला म्हणाले, 'पोरी, तुज्या बापाला म्हणावं, कालेजची फी दिली तवा ऊस गोड लागला व्हय?'

मग ते सुरू झाले. कायद्याने उसाचं बिल चौदा दिवसांत मिळायला हवं, १९६६ पासून तसा नियम आहे. प्रत्यक्षात किती हंगाम महिनोन्‌महिने वाट बघितली, कुणाकडून व्याजाने उचल घेतली, आत्याचं लग्न कसं एक वर्ष पुढे गेलं. साखर विकली जाईपर्यंत कारखान्याकडे पैसा नाही आणि साखर वर्षभर हळूहळू विकली जाते. इथेनॉलचं तसं नाही. गिऱ्हाईक ठरलेलं, म्हणजे तेल कंपन्या; दर सरकारने ठरवलेला, पैसे लवकर. २०२४-२५ मध्ये उरल्यासुरल्या मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ५७ रुपये ९७ पैसे आणि थेट उसाच्या रसापासूनच्याला ६५ रुपये ६१ पैसे असा दर होता. 'बिलं आता वेळंवर पडाय लागल्यात,' काका म्हणाले. 'तुमची गाडी दोन किलोमीटर कमी पळंल. पळू द्या की.'

बाबांकडे यावर उत्तर नव्हतं. माझ्याकडेही पटकन नव्हतं. मास कॉमला असताना आम्हाला सांगायचे, बातमीच्या दोन्ही बाजू घ्या. दोन्ही बाजू एकाच आडनावाच्या असल्या तर काय करायचं, ते सिलॅबसमध्ये नव्हतं.

मग मी थोडं खोदकाम केलं, आणि हा विषय वाटला होता त्याहून बराच जुना निघाला. स्वातंत्र्य मिळाल्यावर पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, भारताने 'पॉवर अल्कोहोल'चा कायदा केला होता. हो, अल्कोहोलचा इंधन म्हणून उद्योग वाढवण्यासाठी. तो अर्धं शतक पुस्तकात पडून राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. आणि गंमत म्हणजे लगेच २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. कुठे? मनमाड, उत्तर प्रदेशात बरेलीजवळ, आणि मिरज. आमची मिरज! २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्क्यांचा नियम आला. कागदावर. २०१३-१४ मध्ये देशभरात प्रत्यक्ष मिसळण्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. मग एकदम गिअर बदलला. जून २०२२ मध्ये दहा टक्के. वीस टक्क्यांचं टार्गेट आधी २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढलं, आणि गाठलंही. कुठलाही सरकारी प्रोजेक्ट वेळेआधी पूर्ण झाला की आपण टाळ्या वाजवतो. इथे अडचण एवढीच की रस्त्यावरच्या गाड्यांना कुणी पाच वर्षं अलीकडे ओढलं नव्हतं. त्या आपल्या जुन्याच होत्या.

बाकीच्या जगाने हे कसं केलं? ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये साधं पेट्रोल ई-१० झालं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी महागड्या 'सुपर' ग्रेडमध्ये ई-५ ठेवलं. अमेरिकेत ई-१५ चा पंप असेल तर त्यावर लेबल लावावं लागतं, आणि ते मोटरसायकल, बोट, गवत कापायचं यंत्र यांत भरायला चक्क मनाई आहे. छोट्या इंजिनांना ते झेपत नाही म्हणून. आणि ब्राझील तर या खेळातला सचिन. १९७५ पासून खेळतोय. ऑगस्ट २०२५ पासून तिथलं साधं पेट्रोलच ई-३० आहे. पण तिथे पंपावर बाजूलाच निव्वळ इथेनॉलही मिळतं, आणि २००३ पासून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या. तिथल्या माणसाचा हिशेब ठरलेला: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल भरायचं, नाहीतर पेट्रोल. ऊर्जा कमी, तर पैसेही कमी. साधं.

आपल्याकडे हे साधं राहिलं नाही. नीती आयोगाच्याच त्या अहवालात म्हटलं होतं की इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ग्राहकाला स्वस्त मिळायला हवं, ऊर्जा कमी असल्याची भरपाई म्हणून. २०२५ मध्ये मंत्रालयाने सांगितलं, आता इथेनॉलच सरासरी ७१ रुपये ३२ पैशांना पडतं, शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग. त्यामुळे स्वस्त करायचा प्रश्नच नाही. त्या वर्षी मुंबईत पेट्रोल १०३ रुपये ५० पैसे होतं, इथेनॉलसकट. पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय ठेवा, अशी जनहित याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. १ सप्टेंबर २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. सरकारच्या वतीने ऊस उत्पादकांच्या फायद्याचा मुद्दा मांडला गेला.

म्हणजे माझे काका. काकांच्या नावाने सुप्रीम कोर्टात बाबांच्या विरोधात युक्तिवाद झाला, असंच म्हणा ना!

माझं मत विचाराल तर मला इथेनॉलबद्दल तक्रार नाही. काकांना बिल वेळेवर मिळतं, हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. तक्रार आहे ती न विचारण्याबद्दल. काय भरलंय, किती टक्के, ते नोझलवर ठळक मराठीत लिहायला कितीसा खर्च येतो? जुन्या गाड्यांसाठी थोडी वर्षं एक ई-१० चा पंप ठेवता आला असता. मोठ्या शहरात चार ठिकाणी तरी. बाबा पार्ल्याहून अंधेरीला गेले असते, डायरीत नोंद करत.

आणि एक प्रश्न काकांनाही विचारायचा राहिला होता, तो मी दिवाळीत गावी गेल्यावर विचारला. पाण्याचा. उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं, हाही त्याच अहवालातला आकडा. कृष्णेकाठी ठीक आहे. पण मराठवाड्यात? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि ती गाडी मिरजेहूनच सुटायची. आठवत असेल तुम्हाला. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला म्हणून सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला निर्बंध घातले, साखर कमी पडेल म्हणून. मग मक्यावर भर आला, तर कोंबड्यांचं खाद्य महागल्याची ओरड. इकडची चादर ओढली की तिकडचे पाय उघडे.

काकांनी ऐकून घेतलं. लातूरच्या गाडीचं नाव काढल्यावर ते थोडे हलले. 'त्या येळेला आमच्या हिरीलाबी पाणी नव्हतं,' एवढंच म्हणाले, आणि मला गोठ्याकडे घेऊन गेले.

तिथे कोपऱ्यात त्यांचा फवारणी पंप होता. पाठीला अडकवायचा, छोट्या टू-स्ट्रोक इंजिनचा. उसात तणनाशक मारायला घेतलेला. वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने काम, बाकी वेळ खुंटीला. त्यांनी कार्बोरेटर उघडून आतला रबरी पडदा दाखवला. फुगून लाटेसारखा झाला होता. पेट्रोलची नळी बोटाला चिकटत होती.

'काका, हा तर तुमचाच ऊस!' मी म्हटलं.

'म्हंजी?' असं म्हणून ते हसले. मग गंभीरपणे शिकवायला लागले. काम झालं की टाकीत थेंबभरही ठेवायचं नाही. कॉक बंद करायचा आणि इंजिन चालूच ठेवायचं, कार्बोरेटरमधलं संपून आपोआप बंद पडेपर्यंत. मग झाकण घट्ट. पुढच्या हंगामात ताजं पेट्रोल, ताजं ऑइल. 'तुज्या बापाला सांग, पावसाळ्याआधी गाडीचंबी आसंच कराय पायजे.' हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन हंगाम पंप बिघडल्यावर त्यांनी स्वतःच शोधून काढलं. गावात आता सगळे तसंच करतात म्हणे, ग्रास कटरवालेही.

तो पडदा त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून माझ्याकडे दिला. सांगलीत मिळाला होता तोच दोनदा फुगला. मुंबईत चांगला मिळतो का बघ.

मी नागदेवी स्ट्रीटला गेले. मशीद बंदरजवळची ती गल्ली तुम्ही बघितली नसेल तर बघा, पंप, मोटारी, बेल्ट, नळ्या, जगात फिरणारं काहीही. दुकानदाराने पाकिटातला पडदा दोन बोटांत धरून उजेडात बघितला आणि चष्म्यावरून विचारलं, 'नायट्राइल देऊ की व्हायटॉन?'

फरक काय?

'नायट्राइल साठ रुपये. व्हायटॉन एकशे नव्वद. पण इथेनॉलमध्ये टिकेल.'

मी व्हायटॉनचे दोन घेतले. त्याच मटेरियलचं स्कूटरच्या झाकणाचं एक वॉशरही मिळालं. एकूण पाचशे दहा झाले. पैसे दोघं भाऊ निम्मे-निम्मे देणार, असं बाबांनी परस्पर ठरवलंय; काकांना अजून माहीत नाही.